मंदिर काय बाईंनी बांधलं?

बिराजदार बाईंसमोर एखाद्या गावाचं कौतुक करणं धोक्याचं होतं. अमुक ठिकाणचं मंदिर फार सुंदर आहे असं कुणी म्हटलं, की बाई चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघत आणि विचारत, "गेलताव का तुमी?" गेलेलं असेल तर पुढची सरबत्ती सुरू होई. कुठल्या अंगानं चढलात, सावली कुठे होती, पाणी कुणाच्या घरी मागितलंत. गेलेलं नसेल तर बाई चहा ठेवायला उठत. त्यांच्या लेखी विषय संपलेला असे. एकदा शाळेच्या समारंभात एका पाहुण्यांनी हंपीवर झकास भाषण ठोकलं. निवृत्त होऊन बराच काळ लोटलेल्या बाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी तिथूनच आपला प्रश्न टाकला. पाहुणे प्रांजळ होते, सगळं फोनवर पाहिलंय म्हणाले. "मग फोनबद्दल बोला की," बाई म्हणाल्या, आणि पुढचा सगळा कार्यक्रम लोक रुमालात तोंड लपवून बसले.

सोलापूरच्या भवानी पेठेत एका कापडाच्या दुकानावर बाईंची दोन खोल्यांची जागा होती आणि मागच्या बोळात आमचं घर. आमचं घर म्हणजे मागं तेलुगू बोलणं आणि पुढं मराठी पत्रकांचे गठ्ठे. वडील यंत्रमाग कामगारांच्या युनियनचं काम करत. मी अक्षरओळख अंकलिपीवर नाही, पत्रकांवर केली. 'बंधू-भगिनींनो' हा मला लिहिता आलेला पहिला लांब शब्द. पुढे पत्रकं मीच लिहू लागले, आणि ती छापायला जाण्याआधी बाईंकडे जात. लाल पेन्सिल घेऊन त्या एकेक विशेषण उपटून काढत. "मालक 'क्रूरकर्मा' हाय हे तू कशावरून लिवलंस? त्यानं पंखा बंद केला, एवढंच लिही. लोकांना घाम येतोच की, ते पुढचं समजतेत."

शाळेत त्यांनी भूगोल शिकवला. नकाशा खिडकीच्या काचेवर धरून गिरवणाऱ्या मुलींवर त्यांचा विशेष राग. घरी कानडी, शाळेत शुद्ध मराठी आणि बाकी सगळीकडे सोलापुरी, अशा तीन भाषा त्या चपला बदलाव्यात तशा बदलत. लग्न केलं नाही. कारण विचारणाऱ्याला सांगत की रविवारी मी घरी नसते, कोण नांदवणार. रविवारीच काय, निवृत्तीनंतर त्या रोजच घरी नसत. पिशवीत शेंगाचटणी आणि कडक भाकरी, डोक्याला पदर, आणि एसटी.

त्यातून त्यांचं 'बाजाराच्या दिवशी' हे पुस्तक तयार झालं. जिल्ह्याची ओळख करून देणारी पुस्तकं पूर्वीही होती, पण ती तालुक्यांप्रमाणे लावलेली. बाईंचं पुस्तक आठवड्याच्या वारांप्रमाणे लावलेलं होतं. ज्या दिवशी ज्या गावचा बाजार, त्या दिवशी तिकडे जायचं. कारण साधं होतं. बाजाराच्या दिवशी जीपगाड्या मिळतात, खायला मिळतं, आणि मुख्य म्हणजे देवळाचा किल्लीवाला गावात सापडतो. एरवी तो रानात असतो. मंद्रूपच्या बाजाराला उतरलं तर आजूबाजूच्या कोणत्या गावांत त्याच दिवशी जाऊन परत येता येईल, कुठलं आधी आणि कुठलं उन्हं उतरल्यावर, हे बाईंनी स्वतः चालून ठरवलेलं. बाहेरून येणाऱ्या कुणाला हे सुचलंच नसतं. नकाशे त्यांनी हातानं काढले होते.

पुस्तक बरं चाललं. शाळांच्या सहली ते घेऊन जात. मग एका उन्हाळ्यात शेटे नावाच्या प्रकाशकानं रंगीत, गुळगुळीत कागदाचं, निम्म्या किमतीचं मार्गदर्शक पुस्तक काढलं, त्यात बहुतेक सगळं बाईंच्याच पुस्तकातलं, आणि दुकानदार बाईंचे गठ्ठे परत पाठवू लागले. बाईंची दुसरी आवृत्ती तेव्हा प्रुफात होती. आणखी एखादी आवृत्ती करण्याइतकी फिरस्ती आता आपल्या छातीला झेपणार नाही, हे त्यांना डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणजे ही आवृत्ती बाजारात उभी राहिली तर राहिली. नाहीतर बाईंचं सगळं चालणं शेटेंच्या नावानं चालू राहणार होतं.

मी शेटेंचं पुस्तक उभ्या उभ्या चाळलं आणि रात्रीतून पत्रक लिहून काढलं. मथळा होता: 'सोलापूरकरांनो, तुमची मंदिरं चोरली!'

बाईंनी मथळा वाचला आणि पेन्सिल खाली ठेवून हसल्या. "मंदिर जागेवरच हाय. सकाळीच पुजाऱ्याला फोन केलता."

मग त्यांनी ते पत्रक माझ्यादेखत सोलून काढलं. मी लिहिलं होतं, की बाईंनी शोधलेल्या स्थळांचा उल्लेख करण्याचा शेटेंना अधिकार नाही. "शोधलेल्या? तितं गावातल्या बाया रोज धुणं धुत्यात." खोडलं. खांबांची संख्या, शिलालेखाची जागा, गाडीची वाट, किल्ली कुणाकडे असते, हे सगळं शेटेंनी लाटलं, असं मी लिहिलं होतं. तेही खोडलं. मी चिडले. म्हटलं, बाई, मग उरलं काय?

"तेच बगायला रुबीनाला बोलवलंय," त्या म्हणाल्या.

रुबीना शेख बाईंची जुनी विद्यार्थिनी, आता कोर्टात वकिली करणारी. दोन्ही पुस्तकं मांडीवर घेऊन ती जमिनीवरच बसली. खुर्ची दिली तरी बाईंसमोर ती खुर्चीवर बसत नसे. तिनं जे सांगितलं ते मला त्या दिवशी अजिबात आवडलं नाही. कायदा माहितीला मालक देत नाही, ती म्हणाली. माहिती कितीही वणवण करून आणलेली असो. मंदिर कुठे आहे, किती जुनं आहे, गाडी कुठून सुटते, हे एकदा जगाला सांगितलं की जगाचं झालं. कायदा राखतो ते सांगणाऱ्याचं सांगणं. त्याचे शब्द, त्यानं काढलेला नकाशा, त्यानं घेतलेला फोटो. आणि निवड व मांडणी, पण तीही डोकं चालवून केलेली असेल तर. गावांची नावं अकारविल्हे लावली म्हणून कुणी मालक होत नाही.

"म्हणजे कष्टाला किंमत नाही," मी म्हणाले. कामगाराच्या घरात वाढलेल्या मुलीला दुसरं काय सुचणार? "बाईंच्या घामाचं काय?"

रुबीनानं उत्तर द्यायच्या आत बाई बोलल्या. "घामावर मालकी द्यायची तर दगड घडवणाऱ्याच्या पणतवंडाला द्या. मी तर नुसती बगून आले."

 आज मी तेच इतरांना ऐकवते. गावाची वेस, देवळाचा खांब, नदीचं वळण यांवर जो दावा सांगेल तो उद्या आपल्याला वाट विचारण्याचेही पैसे मागेल. बाईंना हे कायद्यानं शिकवलं नव्हतं. कुणीही विचारलं तर वाट सांगायची, ही आमच्याकडची साधी रीत त्यांनी कायद्याच्या आधीपासून पाळली होती.

पण बाई म्हणजे कुणी सगळं सोडून देणारी साध्वी नव्हत्या. माहिती बाजूला काढल्यावर उरलेलं त्यांनी असं काही मोजून मागितलं, की बघत राहावं. एका गावातला नंदी देवाकडे न बघता विहिरीकडे तोंड करून बसला आहे. हे सत्य, कुणीही लिहावं. पण बाईंनी पुढे लिहिलं होतं, 'तहान लागली असावी.' शेटेंच्या नंदीलाही तहान लागली होती, त्याच तीन शब्दांत. दुसऱ्या एका टेकडीबद्दल बाईंचं वाक्य होतं: 'इथे माझा पाय घसरला होता, तेव्हा चपला काढून चढावं.' शेटेंच्या पुस्तकातही 'माझा पाय घसरला होता' हे जसंच्या तसं. पानंच्या पानं अशी निघाली.

मग नकाशा. मंद्रूपच्या पुढे एका फाट्यावर बाभळीचं झाड आहे, तिथून डावीकडे वळायचं. बाईंनी झाड काढलं होतं, आणि हात चालूच आहे म्हणून खाली एक शेळीही काढली होती. शेटेंच्या रंगीत नकाशात फाटा होता, झाड होतं आणि शेळी होती. तिला तांबडा रंग दिला होता.

"रस्ता त्यानं ठेवावा," बाई म्हणाल्या. "झाड पण ठेवावं, ते हायच तितं. शेळी माझी. ती परत पायजे."

वारांच्या मांडणीवर मात्र रुबीनानं त्यांना सावध केलं. बाजाराप्रमाणे पुस्तक लावायची कल्पना कुणीही उचलू शकतो, तिला कुंपण घालता येणार नाही. पण प्रत्येक वाराखाली जिल्हाभरातून बाईंनी कोणती गावं निवडली, कोणती सोडली, कोणत्या क्रमानं ठेवली, ती सगळी घडण जशीच्या तशी उचलली असेल तर तिथे भांडता येईल. शेटेंनी ती जशीच्या तशी उचलली होती. एका गावी बाईंनी 'इथे जेवून घ्या' म्हटलं होतं, तिथे शेटेही जेवत होते.

मी पत्रक पुन्हा लिहायला बसले. बाई म्हणाल्या, आता नको. आधी त्याच्या दुकानात जाऊन त्याला सांगू. माणसाला तोंडावर सांगायच्या आधी भिंतीवर चिकटवू नये.

शेटे गोरेपान, कपाळाला विभूती, बोलायला गोड. बाईंना बघून उठून उभे राहिले, थंड मागवलं. रुबीनानं विषय काढताच मात्र त्यांनी तयार ठेवलेलं वाक्य टाकलं. "मॅडम, मला एक सांगा. मंदिर काय बाईंनी बांधलं?"

दुकानातली माणसं हसली. मला वाटलं बाई भडकतील.

"न्हाय बा," बाई म्हणाल्या. "म्हणून मंदिराबद्दल बोलायला मी आलेच न्हाय. मी पायाबद्दल बोलायला आले."

"कुठल्या पायाबद्दल?"

"माझ्या. तो तुमच्या पुस्तकात घसरलाय."

रुबीनानं पान उघडून पुढं केलं. शेटेंनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्या माणसाची हुशारी अशी, की क्षणभरही न थांबता म्हणाले, "माझा पण घसरला होता."

"कुठल्या टेकडीवर?" रुबीनानं विचारलं. टेकडीचं नाव त्या वाक्यात नव्हतं, ते आधीच्या पानावर होतं. शेटेंनी कपाळ पुसलं. मग शेळीचं पान निघालं, नंदीचं निघालं. शेवटी शेटे म्हणाले की, मजकूर एका पोराकडून गोळा करून घेतला, त्यानं कुठून घेतला हे मी बघितलं नाही. बाईंनी विचारलं, तो पोरगा कुठे कुठे गेला होता. कुठेच नाही, असं उत्तर आलं. तो कॉम्प्युटरवरच बसतो.

इथेच सगळं मिटलं असतं. पण अडचणीत आलेला माणूस हाताला लागेल ते उचलतो, आणि शेटेंच्या टेबलाच्या खणात मीच छापून दुकानांत वाटलेली जाहिरात होती. बाईंच्या दुसऱ्या आवृत्तीत कोणती नवी स्थळं येणार याची यादी. त्यांनी एका नावावर बोट ठेवलं. भीमेच्या अंगाला असलेल्या एका गावची बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर. "ही कुठून आली बाई? ही कुणाच्याच पुस्तकात नव्हती. फक्त माझ्यात आहे."

रुबीनानं बाईंकडे पाहिलं. वकिलाला आपल्या अशिलाबद्दल माहीत नसलेली गोष्ट समोरून ऐकायला मिळाली की चेहरा कसा होतो, ते मी तेव्हा पाहिलं.

"हौदु," बाई म्हणाल्या. चटकन होकार निघायचा तेव्हा तो कानडीत निघे. "तुमच्या पुस्तकात वाचली. मला ठाऊकच नव्हती. प्रुफात मी चार ओळी घातल्यात, तुमच्या पानावरनं बगून."

"मग चोर कोण झालं?" शेटे आता मागे रेलले.

 जे पत्रक बाईंनी खोडलं ते आदल्या आठवड्यात भिंतींवर गेलं असतं, तर आता शेटेंनी तेच वाचून दाखवलं असतं: आधी सांगणाऱ्याचीच जागा, दुसऱ्यानं नाव घ्यायचं नाही. माझ्याच ओळींनी बाईंचे हात बांधले गेले असते.

रुबीना कायदा सांगू लागली, विहीर कुणाची नसते वगैरे. बाईंनी तिला हातानं थांबवलं.

"विहीर तुमची न्हाय, शेटे. माझी बी न्हाय. तिचं नाव मी छापणारच. पण त्या चार ओळी खोडते, कारण मी गेलेली न्हाय. तुमी गेलताव?"

शेटेंचा चेहरा बदलला. ते आईचं गाव, ते म्हणाले. त्या बारवेतच मी पोहायला शिकलो. एवढ्या पुस्तकात ते एकच पान मी स्वतः लिहिलंय.

"तरीच," बाई म्हणाल्या. "सगळ्या पुस्तकात तेवढंच पान जिवंत हाय. मला वाटलंच, हा माणूस हितं गेलेला हाय."

मला वाटतं, शेटे त्या वाक्यावर हरले. नंदीवर नाही, शेळीवरही नाही. रुबीनानं मागितलेलं सगळं त्यांनी लिहून दिलं. उरलेल्या प्रती बाजारातून परत घ्यायच्या, नकाशे नव्यानं काढून घ्यायचे, मजकूर आणि मांडणी बदलायची. आम्ही पायऱ्या उतरत असताना त्यांनी मागून आवाज दिला. "बाई, बारवेत उतरताना उजव्या अंगानं उतरा. डावीकडच्या पायऱ्या हलतेत. ही माहिती फुकट."

"माहिती फुकटच असती, शेटे," बाई वर न बघता म्हणाल्या. "तेच सांगायला आले होते."

छापखान्याला त्यांनी ते एक पान थांबवायला सांगितलं. रुबीना घरी येऊन भांडली. प्रत्यक्ष जाऊन पाहिलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, स्वतःच्या शब्दांत मांडलं की झालं. आणि छातीचं काय? बाई म्हणाल्या, कायद्याला चालतंय, मला न्हाय. शब्द कुठून आणू? ते तिथंच असणार. त्यांच्याशी कुणाचं चालत नसे. त्या गावचा बाजार असेल तो दिवस धरून बाई आणि मी निघालो.

गावापर्यंत जीपनं गेलो. पुढचं चालणं थोडंच होतं, पण बाईंनी ते पुष्कळदा थांबून केलं. बारव गावाबाहेर, कडुलिंबाच्या आडोशाला. वरून नुसता चौकोनी खड्डा दिसतो. कडेला उभं राहिल्याशिवाय आत किती खोल कोरलंय याचा अंदाज येत नाही. बाई उजव्या अंगानं उतरल्या, भिंतीला हात लावून, एकेक पायरी बसून घेत. मी मागे. पिशवीत शेटेंचं पुस्तक होतं. बाईंना मदत व्हावी म्हणून मी ते पान काढून वाचायला लागले.

"झाक ते," बाई म्हणाल्या. "माझ्या डोळ्यापुढं येतंय."

भिंतीतल्या एका कोनाड्यात त्या टेकल्या.  मी वही काढून तयार. मग त्यांनी एक वाक्य सांगितलं, पाण्याच्या काळ्या रंगाबद्दल. मी लिहिलं. त्यांनी मान हलवली. "खोड. त्याच्यासारखं झालं." दुसरं सांगितलं, तेही खोडायला लावलं, कारण तसं कुठल्याही विहिरीबद्दल म्हणता आलं असतं. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी म्हटलं, बाई, राहू द्या, वर जाऊ.

"लिही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या आवृत्तीत ते वाक्य आहे तसं आहे. 'या बारवेत उतरताना गावाचा आवाज पायरीपायरीनं मागे राहतो, आणि खाली पोचल्यावर फक्त आपला श्वास ऐकू येतो. दम लागलेल्यांनी उजवीकडच्या कोनाड्यात बसावं, गार आहे.'

ती आवृत्ती बाईंनी हातात घेतली, दुकानांत लागलेली पाहिली, आणि पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. त्यांचा विषय निघाला की माझ्यासमोर त्या शेवटच्या दिवसांतल्या, हॉस्पिटलातल्या येत नाहीत, त्या दिवशीच्या बारवेतल्या येतात. वाक्य लिहून झाल्यावर मी पाणी आणायला वर गेले होते. परत येताना काठावरून खाली पाहिलं. एक म्हातारी बाजार करून आली होती. तिनं भाजीची पाटी पायरीवर ठेवली आणि बाईंना विचारलं, कुणाकडं आलाव. "कुणाकडं न्हाय," बाई म्हणाल्या, "ही बगायला आले." यात काय बघायचं, असं काहीतरी ती पुटपुटली आणि तीही दम खात उभी राहिली. बाईंनी पदर आवरला, कोनाड्यात एका अंगाला सरकल्या आणि तिला जागा करून दिली.